व्हेनिसला जाताय आणि वय २९ पर्यंत असेल तर हे कार्ड आधी काढा

व्हेनिसमध्ये वॉटर बसचं साधं तिकीट साडेनऊ युरो, ते पण फक्त ७५ मिनिटं चालतं, ग्रुपने दोनदा इकडून तिकडे केलं की जेवणाचे पैसे गेलेच समजा.

१. सांता लुचिया रेल्वे स्टेशनच्या बाहेर पडलात की लगेच तिकीट खिडकीवर ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड मागा, ६ युरो. वय बघतात, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा.

२. त्यावर वॉटर बसचा ७२ तासांचा पास बराच स्वस्तात मिळतो.

३. मग १ नंबरची बोट पकडा, बाहेरची जागा मिळाली तर सोडू नका, रिआल्टो पुलाखालून सान मार्कोपर्यंत अख्खा ग्रँड कॅनाल दिसतो (गोंडोलावाले अर्ध्या तासाचे ९० घेतात!).

फक्त पास दरवेळी चढताना मशीनला टॅप करा, नाहीतर दंड बसतो.