मेपलवर गडद रंग चढवताना पडणारे ढग: माझा अनुभव

मेपलच्या फळीवर अक्रोडी ऑइल स्टेन (तेलातला लाकडाचा रंग) मारला की कुठे काळपट ढग, कुठे फिकट पट्टे. ४०० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासलं तर रंगच धरेना, जादा हात मारला तर नुसता चिकट थर. डोकं उठलं.

मेपलची छिद्रं बारीक. तंतू वळतात तिथेच रंग खोल मुरतो. म्हणून आधी डाय (विरघळून लाकडात मुरणारा रंग), मग चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पातळ अडसर, मग स्टेन.

१५० आणि १८० नंबरने रेषेच्या दिशेने घासा, फळीच्या टोकांची आडवी तोंडं (जिथे तंतू कापलेले असतात) मात्र ३२० पर्यंत, कारण ती जास्त पितात. ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उठलेली लव २२० ने हलकेच काढा. पाण्यात विरघळणारा तपकिरी डाय पातळ करून दोन हात द्या, रात्रभर वाळवा. मग मेणविरहित चपडा, लिटरभर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम, एकच हात. (साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन वॉर्निश, नीट धरत नाही.) ३२० ने अलगद घासा, कडांवर जोर दिलात तर पांढरं लाकूड उघडं पडेल. शेवटी जेल स्टेन (घट्टसर, न ओघळणारा स्टेन) लावून लगेच पुसा, पूर्ण वाळल्यावर पीयू.

नागपुरी मे महिन्यात स्पिरिट ब्रशखालीच उडतं आणि ब्रशचे हात एकमेकांवर येतात तिथे रेघा दिसतात. चपडा सकाळी लवकरच मारा. पावसाळ्यातल्या दमट हवेत तोच पांढुरका पडतो.