शिफ्टिंग, मान आणि रखडलेलं लिखाण
पुण्याहून नाशिकला शिफ्ट झालो आणि दीड महिना एक ओळ लिहिली नाही, कारण मान. टेबल ट्रकमध्येच मोडलं, मग काय, गादीवर मांडी घालून लॅपटॉप मांडीवर, रात्री उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा घाबरून फिजिओकडे गेलो. ती म्हणाली स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला हवी. स्टँड कशाला विकत घ्या, खोक्यातले जुने दिवाळी अंक काढले, 11 अंकांचा थर लागला (रद्दीत द्यायचे नाहीत म्हणून बायकोशी भांडलो होतो ते कामी आलं!), वेगळा कीबोर्ड जोडला, दर अर्ध्या तासाने उठून गॅलरीत चक्कर. हनुवटी मागे ओढायचा व्यायाम दिवसातून 3 वेळा, दिसतो येडपट पण मला खरा फरक त्यानेच पडला. 3 आठवड्यांत मुंग्या गेल्या. खोकी अजून 7 उघडायचीत.