दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग झाल्यावर: विशेष अनुमती याचिकेपूर्वीची तयारी

मुंबई उच्च न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली एखादा दावा किंवा वैवाहिक अर्ज एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग केला आणि तो आदेश मान्य नसेल, तर प्रथम वर्ग करण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता हे तपासावे. महाराष्ट्र आणि गोवा एकाच उच्च न्यायालयाखाली असल्याने मडगावचे प्रकरण पुण्याला नेणे कलम 24 मध्ये बसते. परंतु ते बेळगावला किंवा इंदूरला न्यायचे असेल, तर तो अधिकार कलम 25 प्रमाणे केवळ सर्वोच्च न्यायालयाचा आहे, असे दुर्गेश शर्मा विरुद्ध जयश्री या 2008 च्या निकालात स्पष्ट झाले आहे. आदेशाने ही मर्यादा ओलांडली असेल, तर विशेष अनुमती याचिकेतील (सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जातील) सर्वांत भक्कम मुद्दा तोच.

त्यानंतर अपिलाचा दुसरा मार्ग खरोखर नाही ना, याची खात्री करावी, कारण तसे निवेदन याचिकेत करावे लागते. संहितेचे कलम 104 आणि ‘ऑर्डर 43’ यांतील अपीलयोग्य आदेशांत कलम 24 चा आदेश येत नाही. दावा वर्ग करण्याचा आदेश लेटर्स पेटंटच्या (उच्च न्यायालयाच्या ज्या सनदेखाली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे अपील करता येते तिच्या) अर्थाने ‘जजमेंट’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने असरुमती देवी प्रकरणात 1953 सालीच म्हटले आहे. म्हणून उरतो तो संविधानाच्या अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमतीचा मार्ग, जो पक्षकाराचा हक्क नसून न्यायालयाच्या विवेकाधीन आहे.

मुदत आदेशाच्या तारखेपासून 90 दिवसांची असते. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो, मात्र नक्कल अर्ज दिल्यानंतरचाच. म्हणून तो अर्ज आदेशाच्या दिवशीच द्यावा आणि त्याची पावती जपून ठेवावी. उशीर झालाच, तर विलंबमाफीच्या अर्जात प्रत्येक टप्प्याचे कारण तारखेनिशी द्यावे.

कागदपत्रांवर सर्वाधिक वेळ खर्च करावा, असे माझे मत आहे. विशेष अनुमती याचिका उच्च न्यायालयापुढे जे मांडले होते त्यापुरतीच मर्यादित असावी लागते आणि तसे प्रमाणपत्र अॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डला (सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेल्या वकिलाला) द्यावे लागते. त्यामुळे मूळ दावा, वर्ग करण्याचा अर्ज, त्याला दिलेले उत्तर, प्रतिज्ञापत्रे आणि दोन्ही ठिकाणचे रोजनामे (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी) एकत्र करून, आपला कोणता मुद्दा कोणत्या पानावर आला आहे हे आधी टिपून ठेवावे. आजारपण, लहान मूल, प्रवासाचे अंतर किंवा साक्षीदारांची अडचण उत्तरात लिहिलीच नसेल, तर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे ती नव्याने सांगून फारसा उपयोग होत नाही. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. रोजनाम्यातील संक्षेप चुकीचे उलगडले गेल्याने अर्थ फिरतो, म्हणून ते स्थानिक वकिलांकडून वाचून घ्यावे. तारखांची यादी, सिनॉप्सिस (प्रकरणाचा थोडक्यात सारांश), प्रतिज्ञापत्र, वकालतनामा आणि स्थगितीचा अर्ज हे ठरलेलेच आहे. दुसऱ्या बाजूने कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश करू नये अशी आगाऊ सूचना) दाखल केले आहे का, तेही पाहावे.

कारणे मांडताना नवे न्यायालय गैरसोयीचे आहे एवढ्यावर थांबू नये. नोटीस न देता आदेश झाला का, उत्तरातील मुद्द्यांचा विचार झाला का, आदेशाला कारणे दिली आहेत का, दावा पुराव्याच्या शेवटच्या टप्प्यावर असताना हलवला का, हे प्रश्न अधिक वजनाचे. वैवाहिक प्रकरणात पतीने याचिका करायची असेल, तर ऐश्वर्या विरुद्ध सरवण कार्तिक शाह हा 2022 चा निकाल आधी वाचावा. अशा प्रकरणांत साधारणपणे पत्नीची सोय पाहावी, असे त्यात म्हटले आहे आणि तो निकालही वर्ग करण्याच्या अर्जावरील उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्धच्या अपिलात झाला होता.

याचिका दाखल केल्याने आपोआप स्थगिती मिळत नाही, ही गोष्ट पक्षकार हमखास विसरतात. नव्या न्यायालयात गैरहजर राहिल्यास एकतर्फी आदेश होऊ शकतो. म्हणून तिथे हजर राहून, आव्हानाचा हक्क राखून ठेवत असल्याची पुरसीस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) द्यावी आणि पुढची तारीख दिल्लीतील वकिलांना तत्काळ कळवावी. याचिका कारणे न देता एका ओळीत फेटाळली गेली, तर उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही, म्हणजे तो उच्च न्यायालयाचाच आदेश राहतो, असे कुन्हयाम्मेद प्रकरणात 2000 साली ठरले आहे. त्यामुळे आदेशात उघड चूक असल्यास उच्च न्यायालयाकडे पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाने आपला आदेश पुन्हा तपासणे) मागता येते, पण त्याची मुदत 30 दिवसांचीच असल्याने त्या अर्जाचा विचारही याच टप्प्यावर करून ठेवावा.