माघार नेमकी कशातून? 'बॅक डाऊन', 'बॅक आउट' आणि त्यांची भावंडं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ग्राहक कंपनीला मेल लिहिला. कामाच्या एका अटीवर आमचा आक्षेप होता आणि तो आम्ही सोडून देत होतो. मी लिहिलं, 'वी आर बॅकिंग आउट.' तासाभरात काळजीच्या आवाजात फोन आला : तुम्ही हे कामच सोडताय का?

मला म्हणायचं होतं 'बॅकिंग डाऊन'. दोन्हींसमोर वहीत मी एकच अर्थ लिहून ठेवला होता, 'माघार घेणे'. चूक तिथेच होती. माघार घेतो हे कळून भागत नाही, ती कशातून घेतो हे कळावं लागतं.

'बॅक डाऊन' म्हणजे नमतं घेणं. वाद, मागणी, हट्ट असेल तिथे हे वापरतात. 'शी रिफ्यूज्ड टु बॅक डाऊन' म्हणजे तिने नमतं घ्यायला नकार दिला. यात हार मानल्याची छटा असते, म्हणून स्वतःच्या कंपनीबद्दल मेलमध्ये मी आता हेही लिहीत नाही. 'वी विथड्रॉ अवर ऑब्जेक्शन', म्हणजे आम्ही आमचा आक्षेप मागे घेतो, हे साधं आणि स्वच्छ आहे.

'बॅक आउट' म्हणजे कबूल केलेल्या गोष्टीतून अंग काढून घेणं. 'ही बॅक्ड आउट ऑव्ह द डील.' इथे 'of'साठी 'ऑव्ह' मुद्दाम लिहिलंय. आपण ते आणि पुढच्या क्रियापदातलं 'ऑफ' दोन्ही एकाच उच्चारात म्हणतो, आणि मग ऐकताना गल्लत होते.

'बॅक ऑफ' म्हणजे मागे सरणं, किंवा कुणावर टाकलेला दबाव सैल करणं. नुसतं 'बॅक ऑफ!' म्हटलं तर ते दरडावणं होतं. वरिष्ठांशी किंवा अनोळखी माणसाशी बोलताना ते तोंडी येऊ देऊ नका.

मला सगळ्यात आवडतं ते 'फॉल बॅक'. मुळात ते सैन्याच्या पीछेहाटीसाठी फार वापरलं जातं : 1940 च्या मे महिन्यात दोस्तराष्ट्रांचं सैन्य फ्रान्समधल्या डंकर्क बंदराकडे मागे हटलं, तिथे 'फेल बॅक' हे त्याचंच भूतकाळी रूप येतं. पण त्याला 'ऑन' जोडा आणि अर्थ पालटतो. 'आय हॅड माय सेव्हिंग्ज टु फॉल बॅक ऑन' म्हणजे अडचणीत मला साठवलेल्या पैशांचा आधार होता. मागे सरताना पाठीशी काहीतरी भक्कम आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं तेव्हापासून हा अर्थ मी कधी विसरले नाही.

नव्याने शिकत असाल तर वहीत अर्थाआधी एक पूर्ण वाक्य लिहा आणि माघार कशातून, ते अधोरेखित करा. ते मोठ्याने वाचा. 'बॅक आउट' म्हणताना जोर 'आउट'वर येतो. 'फॉलबॅक' हे नाम असेल, म्हणजे पर्यायी सोय, तेव्हा मात्र जोर 'फॉल'वर.