आजी-आजोबांच्या हाताखाली वर्षाची चटणी: कोल्हापुरातले चार दिवस

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की मी कोल्हापूरला फोन लावते. आई पलीकडून एवढंच विचारते, "चटणीच्या आधी येणार का नंतर?"

बरीच वर्षं आम्ही नंतर जायचो. तोवर तिनं एकटीनं पाच किलो मिरचीची देठं मोडलेली असायची, हातांची आग दोन दिवस सोसलेली असायची आणि वर पाहुणे आले म्हणून पुरणाचा घाट. आम्ही जेवायचो, रंकाळ्यावर भेळ खायचो आणि निघताना भरलेली बरणी उचलायचो. एका वर्षी तिचा उजवा खांदा धरला, तेव्हापासून आधी जायला लागलो. पाहुणे आले की आई दमते. हाताखाली माणूस आलं की तिचा आवाज चढतो. तुमच्याही घरी असंच असेल, तर सुट्टीतल्या चार दिवसांचं गणित कसं बसवायचं ते सांगते.

बाहेरगावच्यांसाठी एक खुलासा. कोल्हापुरात नुसतं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं लाल तिखट. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची यांना आडनाव लावावं लागतं, हिला लागत नाही. होळी झाली की नवी मिरची बाजारात भरपूर येते आणि ऊनही कडक होतं, म्हणून शिमग्यापासून मेच्या मध्यापर्यंत घरोघरी हेच काम चालतं.

निघण्याआधी

फोनवर तीन गोष्टी पक्क्या करा: तारीख, मिरची किती किलो आणि डंकावर नंबर लावलाय का. डंक म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र. हंगामात तिथं ऐन वेळी गेलं तर दिवस मोडतो. नंबर लावायचं काम आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना द्यायचं. ते तिथं दोनदा जाऊन येतात, चहा पिऊन येतात, आणि हे काम आपल्यामुळंच होतंय असं त्यांना वाटतं. खरंही असतं ते.

तारीख ठरवताना चैत्र पौर्णिमा बघा. त्या दिवसांत जोतिबाची यात्रा असते, सासनकाठ्या आणि गुलालानं गाव भरलेलं असतं. यात्रेला यायचं तर जरूर या, पण मग चटणी त्याच दिवसांत धरू नका. मुंबईकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, ती सकाळी कोल्हापुरात सोडते आणि पहिला दिवस हाती लागतो.

सोबत दोन वस्तू घ्या: स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि एक वही. का, ते पुढं येईल.

पहिला दिवस: बाजार आणि देठं

मिरची आणायला आईलाच घेऊन जा. ऊन चढायच्या आत, रिक्षानं, लक्ष्मीपुरीत. परस्पर आणून तिला चकित करायला जाऊ नका. मी एकदा देठ काढलेली मिरची घेऊन आले होते. तिनं मूठभर उचलली, दाबली आणि म्हणाली, "ओली हाय ही. वजनाला पाणी विकलंय तुला."

चांगली मिरची वाळलेली असते, मोडली की कट्ट वाजते, हलवली की आतलं बी खुळखुळतं. पांढरट पडलेली, फटकी मिरची बाजूला काढायची. आमच्याकडं तीन जाती मिसळतात. रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी आणि चवीला संकेश्वरी. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात सुरकुतलेली प्रत्येक मिरची 'ब्याडगीच' असते, हे ध्यानात ठेवा. संकेश्वरी लांब आणि बारीक असते आणि गडहिंग्लजच्या बाजारात जास्त मिळते. तिकडचं कोणी नात्यात असेल तर आधीच निरोप धाडा.

दुपारी देठं. बसण्याआधी सगळ्यांनी हाताला कोपरापर्यंत गोडंतेल चोळायचं. हे टाळलं तर रात्री झोप नाही. एवढं करूनही आग झालीच तर नुसत्या पाण्यानं ती थांबत नाही. परत तेल चोळा, मग साबणानं धुवा आणि वर दही लावा. डोळ्याला हात लावायचा नाही, हे मुलांना दर पाच मिनिटांनी सांगावं लागतं, म्हणून दहा वर्षांखालच्यांना मिरचीपाशी बसवूच नका. त्यांना लसूण द्या. लसणीच्या पाकळ्यांना तेल लावून तासभर उन्हात ठेवल्या की साल आपोआप सुटते आणि पोरांना ती जादू वाटते.

आईला खुर्ची द्या. ती बसणार नाही, "मी खालीच बसतो" म्हणेल. (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' म्हणतात. पुण्यात माझी मुलं आजीची नक्कल करायची, आता स्वतःच तसं बोलतात.) वाद घालू नका. खुर्चीशेजारी मिरचीचं पोतं ठेवा आणि देठं मोडलेली बुट्टी तिच्यासमोर तपासायला धरा. दहा मिनिटांत ती खुर्चीवर असते. तपासणं हे खालून होत नाही.

दुसरा दिवस: ऊन

या दिवशी काम कमी आणि राखण जास्त. गच्चीवर जुनी सुती साडी अंथरून मिरची पसरायची, शेजारी धणे आणि हळकुंडं. आण्णा पहाटे रंकाळ्याला फेरी मारून येतात, येताना मुलांना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेतात. तिथं म्हैस समोर पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. नऊला ते गच्चीच्या दारात, सावलीत, पेपर आणि काठी घेऊन बसतात. त्यांचा रोजचा क्रम मोडू नका. फेरी, पेपर, दुपारची झोप हे सगळं राहू द्या, फक्त पेपरची जागा गच्ची करा.

अकरा ते चार म्हाताऱ्या माणसांना उन्हात जाऊ द्यायचं नाही. एप्रिलमध्ये इथं पारा सदतीस-अडतीसला जातो आणि गच्चीची फरशी त्याहून तापते. मिरची खाली-वर करायला तुम्ही जा.

तीननंतर मात्र आभाळावर नजर हवी. वळीव सांगून येत नाही. आधी वारा पडतो, मग धूळ उठते आणि मग पाच मिनिटांत थेंब. गल्लीत एका गच्चीवरून "उचला, उचला" अशी हाक आली की सगळ्या गच्च्यांवर धावपळ सुरू होते. साडीची चारही टोकं धरून एकदम उचलायची, भरत बसायचं नाही. म्हणूनच साडी.

जमलं तर संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन. पन्हाळा पुढच्या खेपेला.

तिसरा दिवस: भाजणी

खरी चटणी इथं ठरते. सकाळी सातला सुरू करा, दहाच्या आत गॅस बंद झाला पाहिजे. खिडक्या उघड्या आणि तोंडाला रुमाल. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना तेवढा वेळ शेजारी बसवा. आण्णांना आम्ही समोरच्या काकूंकडं पाठवतो, त्यांना तिथं पोहे मिळतात.

१ किलो मिरचीला आमच्या घरचं प्रमाण असं: ब्याडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ३०० आणि लवंगी २००. धणे २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ १००, खसखस ५०, जिरे ५०, हळकुंडं ५०. कांदा १ किलो, लसूण २५० ग्रॅम, आलं १००, कोथिंबिरीची एक मोठी जुडी. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, शहाजिरे प्रत्येकी १० ग्रॅम, मसाला वेलची पाच-सहा, तमालपत्राची मूठ, एक जायफळ. खडा हिंग १० ग्रॅम, खडेमीठ ३०० ग्रॅम. तेल पाव लिटरच्या आसपास. सगळं मिळून साधारण अडीच किलो चटणी उतरते. आम्हा चौघांना वर्षाला दीड किलो मिरचीची पुरते.

हे ग्रॅम आईनं कधी सांगितलेले नाहीत. तिचं माप चिपट्याचं आणि मुठीचं. धणे किती? "एक चिपटं, वर थोडं." मीठ? "बघून." म्हणून वजनकाटा. तिनं ओंजळ भरली की ती कढईत जाण्याआधी ताटलीत घ्यायची, काट्यावर ठेवायची आणि लिहायची. पहिल्या वर्षी ती चिडली होती. "माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?" मग धाकट्यानं तिच्या पाच मुठी लागोपाठ मोजल्या. मिठाची मूठ पाचही वेळा चाळीस ग्रॅमच्या अलीकडं-पलीकडं. तिनं काट्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग? मशीनला कळालं व्हय आता?" तेव्हापासून काटा तीच मागते.

आधी कोरडं भाजायचं: खोबरं, तीळ, खसखस, प्रत्येक वेगळं. मग थोड्या तेलावर धणे, जिरे आणि खडे मसाले, तेही एकेक करून, कारण लवंग फुगायला लागणारा वेळ आणि तमालपत्र जळायला लागणारा वेळ सारखा नसतो. हिंग तेलात फुलवून घ्या. मिरचीला ऊन चांगलं लागलं असेल तर शेवटी कोमट कढईत नुसती परतली तरी पुरे. काळी पडली की चटणी कडू.

कांद्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पातळ उभा चिरून आदल्या दिवशी उन्हात टाकलेला असेल तर निम्मं काम झालेलं असतं. तेलात मंद आचेवर तपकिरी आणि कुरकुरीत होईपर्यंत परतायचा. लसूण, आलं, कोथिंबीरही पाणी सुटणं थांबेपर्यंत. कागदावर दहा मिनिटं गार होऊ द्या, मग मुठीत दाबून बघा. चुरा झाला पाहिजे. गोळा झाला तर परत कढईत. एका वर्षी रात्रीची गाडी गाठायची होती म्हणून मी गोळा होणारा कांदाच पुढं सरकवला. श्रावणात बरणीच्या कडेला पांढरी बुरशी. आई बोलली काही नाही, पण पुढच्या वर्षी तिनं कांद्यापाशी स्वतःचं स्टूल मांडलं.

हे स्टूल तिथंच राहू द्या. चिरणं, परतणं, उचलणं तुमचं. "काढ आता" हे सांगणं तिचं. ती ते वासावर सांगते, कढईत बघतही नाही. हे काम दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि ते तिलाही माहीत असतं.

चौथा दिवस: डंक आणि बरणी

सगळं वेगवेगळ्या डब्यांत न्या, एकत्र करू नका. आमच्याकडं आधी मिरची, हळकुंडं आणि मीठ कांडतात, मग मसाले, मग चाळतात. चाळणीवर उरलेलं पुन्हा डंकात. खोबरं-कांदा-लसूण शेवटी, कारण त्याचं तेल सुटतं आणि चाळण बसते. घरचं कोणीतरी शेवटपर्यंत उभं राहिलं पाहिजे. आवाज भरपूर, ठसका त्याहून जास्त. मुलांना लांबूनच दाखवा.

डंकावरून चटणी गरम येते. तशीच डब्यात कोंडली तर घाम धरते. घरी परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून रात्रभर ठेवा. सकाळी गुठळ्या हातानं फोडा, हाताला तेल लावूनच.

चिनी मातीची बरणी आधी धुऊन, उन्हात कडक वाळवलेली हवी. तळाला हिंगाचा खडा ठेवा, चटणी मुठीनं दाबत दाबत भरा म्हणजे हवा राहत नाही. वर परत हिंगाचा खडा आणि चिमूटभर मीठ. तोंडाला दादरा, म्हणजे कापड, बांधा. रोजच्या वापरासाठी छोटा डबा वेगळा, कोरड्या चमच्यानं. प्रवासाला प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या आणि तो कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. मी एकदा ठेवला होता.

निघायच्या दिवशी दुपारी पुरणपोळी नको म्हणून आधीच सांगून ठेवा. परातीला चिकटलेल्या चटणीत भाकरी पुसून खायची, सोबत दही आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. रात्री त्याच परातीत थोडं पाणी फिरवून आई त्याचं वांग्याचं कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, करते.

घरी आल्यावर बरणी पंधरा दिवस उघडू नका, मुरू द्या. सोळाव्या दिवशी फोन येतो, "काढलीस? मीठ कसं झालंय?" कमी वाटलं तर कमी आहे असं खरं सांगा. भाजून गार केलेलं मीठ थोडं मिसळलं की भागतं, आणि वहीत त्या वर्षीच्या पानावर आकडा दुरुस्त करायला ती आण्णांनाच बसवते.