छोट्या गिगला उभं कुठे राहायचं?

गिगला, म्हणजे लाइव्ह संगीताच्या कार्यक्रमाला, मुंबईत लोअर परळच्या अँटीसोशल क्लबसारख्या बंदिस्त जागेत इंडी (स्वतंत्र) बँड ऐकायचा तर साउंड मिक्सरच्या टेबलाजवळ उभे राहा. इंजिनीअर तिथे ऐकूनच आवाज जुळवतो. अगदी पुढे ड्रम आणि गिटारचा अँप (आवाज वाढवणारा स्पीकर) थेट अंगावर येतात, गायकाचा आवाज मात्र बाजूच्या स्पीकरमधून मागे जातो, म्हणून शब्द कळत नाहीत. कोपरा टाळा, तिथे बास (खर्जातला आवाज) घुमतो.

इअरप्लग हवेतच! १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं. फोमचे प्लग सिंबलचा (ड्रमसोबतच्या झांजांचा) म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज जास्त कापतात, त्यामुळे सगळे आवाज सारखे कमी करणारे फिल्टरवाले उत्तम. फोमच असेल तर पिळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत धरून ठेवा.

शेवटच्या लोकलची वेळ आधीच बघा. घाई म्हणून सुरुवातीचा बँड मात्र सोडू नका, नवं संगीत बहुतेकदा तिथेच सापडतं.