सॅन फ्रान्सिस्कोचा एम्बार्कडेरो: सुरुवात पश्चिमेकडून करा

मुलांकडे आलेल्या आईबाबांना घेऊन बहुतेक जण गाडीने थेट पियर ३९ (पियर म्हणजे धक्का) गाठतात, दुकानांत दोन तास घालवतात आणि परततात. एम्बार्कडेरो म्हणजे शहराचा खाडीकाठचा रस्ता. पूर्वेच्या फेरी बिल्डिंगपासून पश्चिमेच्या अ‍ॅक्वॅटिक पार्कपर्यंतचा हा काठ जेमतेम चार किलोमीटरचा आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही तो एका दिवसात जमतो, कारण हा पट्टा खाडी बुजवून केलेल्या भरावावर आहे आणि चढ नावालाही नाही. दोन गल्ल्या आत शिरलात तर मात्र टेलिग्राफ हिलची चढण दम काढते.

चालायचं ते पश्चिमेकडून पूर्वेकडे. उन्हाळ्यात आतली खोरी तापली की समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते आणि दुपारनंतर वारा चांगलाच झोंबतो. तो तोंडावर घेण्यापेक्षा पाठीवर घ्यावा. जुलैतही कानटोपी आणि जॅकेट बरोबर ठेवा. खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरात असते.

गाडी शक्यतो घरीच ठेवा. काचा फोडून सामान पळवण्याचे प्रकार इथे नेहमीचे आहेत. आणायचीच असेल तर आत चार्जरची वायरसुद्धा दिसू देऊ नका. बार्टने, म्हणजे इथल्या मेट्रोने आलात तर एम्बार्कडेरो स्टेशनला उतरा, फेरी बिल्डिंग समोरच आहे. सनीव्हेल, सांता क्लाराकडून येणाऱ्यांनी कॅलट्रेन या लोकल गाडीने शेवटच्या स्टेशनपर्यंत यावं आणि तिथून एन ट्राम घेऊन एम्बार्कडेरो गाठावं. कॅलट्रेनला क्लिपर हे भाड्याचं कार्ड चढताना टेकवायचं तसं उतरल्यावरही टेकवायचं असतं. विसरलात तर त्या दिशेचं सर्वांत लांबचं भाडं कापलं जातं.

फेरी बिल्डिंगसमोर रस्त्याच्या मधोमध एफ लाइन या जुन्या ट्रामचा थांबा आहे. फिशरमन्स व्हार्फची पाटी असलेली ट्राम घ्या आणि जोन्स व बीच या पश्चिमेकडच्या शेवटच्या थांब्यापर्यंत बसा. यातल्या काही गाड्या १९२८ च्या, मिलानहून आणलेल्या आहेत. पायऱ्या उंच असल्याने वडीलधाऱ्यांना आधी चढू द्या. रोख भाडं द्यायचं तर नेमके सुटे लागतात, कारण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना म्युनी (शहराची बस-ट्राम सेवा) फुकट आहे, ६५ च्या पुढे सवलत आहे. केबल कार, म्हणजे रस्त्याखालच्या दोराने ओढली जाणारी जुनी गाडी, तिचा हिशेब वेगळा: भाडं बरंच जास्त आणि साधी ट्रान्स्फर चालत नाही. व्हिजिटर पासपोर्ट हा पर्यटकांचा पास घेतला तर तीही त्यात येते.

केबल कारच्या बाबतीत हमखास फसायला होतं. फेरी बिल्डिंगजवळून, ड्रम स्ट्रीटवरून सुटणारी कॅलिफोर्निया लाइन व्हार्फला जातच नाही. काठावर उतरवतात त्या पॉवेल स्ट्रीटवरून निघणाऱ्या दोन. त्यातली पॉवेल-हाइड अगदी अ‍ॅक्वॅटिक पार्कच्या तोंडाशी सोडते. हौस असेल तर सकाळी ट्रामऐवजी हीच घ्या, पण नऊच्या आत. नंतर पॉवेल आणि मार्केटच्या कोपऱ्यावर लांबलचक रांग लागते.

हाइड स्ट्रीट पियरला १८८६ चं बाल्क्लुथा हे शिडाचं जहाज आहे. धक्क्यावर जायला पैसे नाहीत, जहाजात शिरायला तिकीट. इथे दुरुस्तीची कामं चालू असतात, म्हणून निघण्यापूर्वी नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावर काय उघडं आहे ते बघा. पियर ४५ ची पॅम्पनिटो पाणबुडी मुलांना आवडते, पण आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना वाकून, पाय उचलून उंबरा ओलांडावा लागतो. वयस्कर मंडळींनी बाहेरच बसावं. व्हार्फवरचं क्लॅम चाउडर म्हणजे तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) दाट सूप, आणि त्यात बऱ्याचदा बेकनही असतो. ते गोल पावात मिळतं म्हणून शाकाहारी समजू नका.

पियर ३९ वर दुकानं टाळून पश्चिमेच्या बाजूला जा, तिथे तराफ्यांवर सी लायन (समुद्रसिंह) पसरलेले असतात. १९८९ च्या भूकंपानंतर ते इथे जमू लागले. जून-जुलैत ते दक्षिणेकडे विणीला जातात आणि तराफे बरेचसे रिकामे दिसतात.

पियरचे आकडे समजले की नकाशा लागत नाही. फेरी बिल्डिंगच्या उत्तरेला विषम, दक्षिणेला सम. म्हणजे पियर ३९ आणि पियर ४० शेजारी नाहीत, त्यांच्यात चारेक किलोमीटरचं अंतर आहे! टॅक्सी सांगताना आकडा नीट सांगा.

जुना तुरुंग असलेल्या अल्कट्राझच्या बेटावर उतरवणारी बोट फक्त पियर ३३ वरून सुटते. बाकीच्या धक्क्यांवर 'अल्कट्राझ' लिहिलेल्या फेऱ्या विकतात, त्या बहुधा बेटाला वळसा घालून परत येतात. तिकिटं सुमारे ९० दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून सगळ्यात आधी ती काढा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. दुपारी एकच्या आसपासची बोट या क्रमात छान बसते. धक्क्यावर अर्धा तास आधी पोचा. बेटावर धक्क्यापासून कोठड्यांपर्यंत तेरा मजल्यांइतकी चढण आहे. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी विजेवरची छोटी गाडी असते, उतरल्यावर लगेच तिथल्या रेंजरला विचारा. वर खाणं नेता येत नाही, पाणी चालतं. म्हणून जेवून बोटीत बसा. एकूण अडीच-तीन तास धरा.

तिकीट मिळालंच नाही, तर फेरी बिल्डिंगच्या मागून खाडीपलीकडच्या सॉसलिटो गावाची गोल्डन गेट फेरी घ्या. अर्ध्या तासात शहर, पूल आणि अल्कट्राझ सगळं पाण्यावरून दिसतं, आणि पर्यटकांच्या फेरीपेक्षा खर्च बराच कमी येतो.

पियर ३३ वरून फेरी बिल्डिंग चालत पाऊण तासाच्या आत येते. वाटेत पियर ७ च्या लाकडी धक्क्यावर टेकायला बाकं आहेत. थकलात तरी चार-पाचच्या सुमाराला मधल्या थांब्यावर ट्रामची वाट बघण्यात राम नाही. व्हार्फवरूनच ती गच्च भरून येते, कधी न थांबताच निघून जाते. फेरी बिल्डिंगचा शेतकरी बाजार मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी दोनपर्यंतच असतो. त्या दिवशी जाणार असाल तर तो सकाळी ट्राम पकडण्याआधी उरकून घ्या. शनिवारी आठलाच सुरू होतो.